बिल्बाओचं सान मामेस म्युझियम: साडेचार स्टार, अर्धा मी कापला

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. बिल्बाओजवळ बाराकाल्दोला दर दोन वर्षांनी मशीन टूल्सचं मोठं प्रदर्शन भरतं, त्यासाठी जून 2024 मध्ये गेलो होतो. मशीन काही घेतलं नाही, भाव ऐकूनच परत फिरलो. शेवटचा दिवस मोकळा होता. बरोबरचे लोक गुगेनहाइम बघायला गेले. मी कोल्हापूरचा, त्यातून पेठेतला. गावात फुटबॉलचं स्टेडियम असताना मी चित्रं बघायला जाणार? मी सान मामेसला गेलो.

हे लिहायचं तेव्हाच राहून गेलं. नंतर जुलै 2025 मध्ये तिथल्या संघाचा खेळाडू निको विल्यम्सने बार्सिलोनाला नाही म्हणून बिल्बाओबरोबर थेट 2035 पर्यंतचा करार केला. त्या रात्री फोनमधले फोटो पुन्हा काढून बसलो, आणि आता लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ॲथलेटिक क्लब, म्हणजे आपण ज्याला ॲथलेटिक बिल्बाओ म्हणतो तो संघ, फक्त बास्क खेळाडू घेतो. म्हणजे बास्क भूमीत जन्मलेला, नाहीतर तिथल्या क्लबात खेळून तयार झालेला. स्पेनमधले चार प्रांत आणि फ्रान्सच्या बाजूचे तीन धरले तरी सगळी वस्ती तीस लाखांच्या आसपास. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 38 लाखांवर आहे. तर समजा, फक्त आपल्या जिल्ह्यातली पोरं घेऊन एखादा संघ रेआल माद्रिदशी खेळतोय, आणि लीग सुरू झाल्यापासून एकदाही खालच्या श्रेणीत गेलेला नाही. ही फुशारकी स्पेनमध्ये फक्त तीन क्लब मारू शकतात: माद्रिद, बार्सिलोना आणि हे.

आता तिकिटाचं. मी हॉटेलात बसून मधल्याच एका साइटवरून बुक केलं. वर सेवाशुल्क गेलं आणि तिकिटाचा मेल काही आलाच नाही. शेवटी स्टेडियमच्या खिडकीवर जाऊन पुन्हा तिकीट काढलं, दोन मिनिटांचं काम. शहाण्याने थेट क्लबकडूनच घ्यावं. प्रदर्शनाच्या बाजूने येणार असाल तर आन्सिओ स्टेशनवरून मेट्रो पकडा आणि सान मामेस स्टेशनलाच उतरा. मेट्रोची काचेची तोंडं नॉर्मन फॉस्टरने केलेली आहेत, तिथले लोक त्यांना लाडाने ‘फोस्टेरितो’ म्हणतात. पण माझं ऐकाल तर एक स्टेशन पुढे, इंदाउचूला उतरा आणि पोसा नावाच्या गल्लीतून चालत या. दोन्ही बाजूंना बार, आणि गल्लीच्या टोकाला एकदम स्टेडियम उभं. आपल्याकडे मिरजकर तिकटीकडून मंगळवार पेठेत शिरताना मॅचच्या दिवशी जी हवा असते ना, तशी हवा तिथे मॅच नसतानाही होती. कारण होतं. दोनच महिन्यांपूर्वी, 6 एप्रिलला, त्यांनी कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, जिंकला होता. सेव्हिया शहरात मायोर्काविरुद्ध 1-1, मग पेनल्टीवर 4-2. चाळीस वर्षांनी. बाल्कन्यांवरचे लाल-पांढरे झेंडे जूनमध्येही कुणी उतरवले नव्हते.

माझ्याबरोबर आमच्या मशीन कंपनीचा तिथला एजंट होता. पन्नाशीचा माणूस, बाराकाल्दोचा. सौदा झाला नाही तरी आला, म्हणाला, “चला, हे फुकट दाखवतो.” तिकीट मात्र मीच काढलं.

नवं स्टेडियम 2013 चं, जुनं 1913 चं होतं, त्याच जागेला लागून. त्रेपन्न हजारांवर माणूस बसतो. जुन्याची लोखंडी कमान लेसामाला, म्हणजे त्यांच्या सरावाच्या मैदानावर, नेऊन उभी केली आहे. ती मला बघता आली नाही. म्युझियम स्टेडियमच्या पोटातच आहे आणि त्याच तिकिटात ड्रेसिंग रूम, पत्रकार कक्ष, बोगदा, खेळाडूंचे बाक असं सगळं येतं. निवांत बघायला दोन तास धरा. मी साडेतीन तास घेतले, एजंटने मध्ये दोनदा घड्याळ बघितलं.

चषकांपाशी मी बराच वेळ काढला. लीग आठ वेळा, शेवटची 1984 ची. कोपा किती, यावर मात्र भांडण आहे. फेडरेशनच्या हिशेबाने 24, क्लबच्या हिशेबाने 25, कारण 1902 ची स्पर्धा धरायची की नाही यावर एकमत नाही. सव्वाशे वर्षं होत आली तरी वाद मिटलेला नाही हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या पेठेत 1980 च्या दशकातला एक ऑफसाइड अजून चालू आहे.

पण मी ज्याच्यासाठी आलो होतो तो भाग वेगळाच. बाहेरचा कोण, हे ठरवतं कोण?

मला वाटलं होतं, हा नियम म्हणजे काहीतरी आदिम, रक्ताबिक्ताचा प्रकार असणार. प्रत्यक्षात ह्या क्लबची सुरुवातच इंग्रजांच्या संगतीने झालेली. नाव इंग्रजी, ॲथलेटिक. बिल्बाओच्या गोदीत काम करणारे ब्रिटिश आणि इंग्लंडात शिकून आलेली इथली पोरं, त्यांनी हा खेळ आणला. लाल-पांढरे पट्टेसुद्धा इंग्लंडहून आणलेल्या शर्टांचे. सुरुवातीच्या संघांत इंग्रज खेळत होते. 1911 च्या कपला त्यांच्या इंग्रज खेळाडूंवरून इतर संघांनी तक्रार केली, मोठा गोंधळ झाला, आणि त्यानंतर ह्यांनी परदेशी खेळाडू घेणंच बंद केलं. म्हणजे हे तत्त्व जन्माला आलं एका भांडणातून. त्याच्याभोवती अभिमान नंतर चढत गेला, साच्यावर रंग चढावा तसा. आणि गंमत बघा, फ्रँकोच्या राजवटीने परकी नावं चालणार नाहीत म्हणून 1941 मध्ये ह्यांना ‘आत्लेतिको’ व्हायला लावलं. एकही परदेशी न खेळवणाऱ्या क्लबचं नावच परदेशी निघालं! 1972 मध्ये ते परत मिळालं.

युरोपातल्या बाकी क्लबांवर मर्यादा वरून आली. 1990 च्या दशकात यूएफाचा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेचा, ‘तीन अधिक दोन’ असा नियम होता: तीन परदेशी, आणि आणखी दोन असे की जे त्या देशात बरीच वर्षं खेळून तिथलेच झालेत. इंग्लंडच्या क्लबांना तर स्कॉटिश आणि वेल्श खेळाडूसुद्धा परदेशी धरावे लागत. नोव्हेंबर 1994 मध्ये बार्सिलोनाला खेळायला गेलेल्या मँचेस्टर युनायटेडला ह्याच गणितापायी पीटर श्मायकेलसारखा गोलकीपर बाहेर बसवावा लागला, आणि 4-0 असा मार पडला. मग बोसमन आला. बेल्जियमचा साधा मिडफिल्डर, लीएजचा करार संपलेला, फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं, क्लब सोडेना. तो कोर्टात गेला आणि 15 डिसेंबर 1995 ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की करार संपला की खेळाडू मोकळा, आणि युरोपीय संघाच्या नागरिकांवर असा कोटा लावता येणार नाही. चार वर्षांत, 1999 च्या बॉक्सिंग डेला, चेल्सीने अकराच्या अकरा बिगरब्रिटिश खेळाडू मैदानात उतरवले.

ह्या निकालाने बिल्बाओचं काय बिघडलं? नियम म्हणून काहीच नाही. न्यायालयाने मोडला तो संघटनांनी लादलेला नियम. ह्यांचा नियम कुणी लादलेलाच नव्हता. एजंट म्हणाला, “आमच्या घटनेत हे लिहिलेलंच नाही. लिहिलं असतं तर कुणीतरी कोर्टात गेलं असतं.” मग खांदे उडवून म्हणाला, “माझ्या आईचंही काही लिहिलेलं नाही, तरी रविवारी तिच्याकडेच जेवतो.”

बिघडलं ते पैशाच्या बाजूने. बाकीच्यांना जग मोकळं झालं, ह्यांचा बाजार तेवढाच राहिला. आणि बाजार छोटा असला की शेजाऱ्याला तुमची नड कळते. जानेवारी 2018 मध्ये मँचेस्टर सिटीने ह्यांचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, आयमेरिक लापोर्त साडेसहा कोटी युरोला नेला. पैसे हातात आले, पण सेंटर-बॅक आणायचा कुठून? पन्नास कोस फिरायची सोय नाही. लगेच शेजारच्या रेआल सोसिएदादचा इन्यिगो मार्तिनेस घेतला, 3 कोटी 20 लाख युरोला. गिऱ्हाईक अडलंय हे कळल्यावर दुकानदार काय करतो हे मला फाउंड्रीवाल्याला शिकवायला नको. भट्टीचा कोक (कोळसा) संपला की आम्हीही असेच हसत हसत पैसे मोजतो. त्याच सोसिएदादने स्वतः हाच नियम पाळला होता, आणि 1989 मध्ये लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजला आणून तो सोडून दिला. त्यावर एजंट काही बोलला नाही, फक्त ओठ मुडपले.

आणि हा लापोर्त तरी कुठला? फ्रान्समधल्या आजेनचा, बास्क भूमीच्या बाहेरचा. बायोनला, म्हणजे फ्रान्सच्या बाजूच्या बास्क भागात, खेळला म्हणून चालला. त्याच्या आधी 1996 मध्ये लिझाराझू आला, फ्रान्सच्या बाजूच्या बास्क भागात जन्मलेला पहिला. म्हणजे रेषा आहे ती पक्की आहे, पण रबराची आहे. मला ह्यात ढोंग दिसलं नाही. एजंटला मी आमच्या भाषेत समजावलं: भट्टीत भंगार कुठलंही घाला, पुण्याचं, भावनगरचं, दुबईचं. कास्टिंगवर शिक्का बसतो तो जिथे ओतलं तिथला. त्याला हे एवढं पटलं की त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं. स्पॅनिशमध्ये काय लिहिलं देव जाणे.

यूएफाने पुढे जे केलं तेही जवळपास हेच. आता त्यांच्या स्पर्धांत 25 जणांच्या यादीत आठ जागा ‘घरच्या घडलेल्या’ खेळाडूंसाठी, त्यातले चार त्याच क्लबात घडलेले. वयाच्या 15 ते 21 मधली तीन वर्षं तिथे काढली की झालं, पासपोर्ट कुणी विचारत नाही. त्या मापाने मेस्सी बार्सिलोनाचा घरचा होता. पण ह्या नियमावरही डिसेंबर 2023 मध्ये बेल्जियमच्या रॉयल अँटवर्प क्लबच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने प्रश्नचिन्ह लावून ठेवलंय.

बोगद्याच्या वाटेवर पिचिचीचा अर्धपुतळा आहे. रफाएल मोरेनो, जुन्या मैदानावरचा पहिला गोल ह्याचा, 1922 मध्ये वयाच्या 29 व्या वर्षी गेला. स्पेनमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला जो पिचिची पुरस्कार देतात, तो ह्याच्या नावाचा. सान मामेसला पहिल्यांदा खेळायला आलेल्या संघाचा कर्णधार त्याच्यापुढे फुलं ठेवतो. मी मूर्तीला हात जोडले, सवयीने. मागच्या जपानी बाईने माझं बघून तसंच केलं.

मग बाकावर बसलो. लाल खुर्च्यांचा समुद्र, मधे गवतावर एकटा माणूस पाइप घेऊन पाणी मारत होता. इथे एजंट बोलायला लागला, आणि माझ्या मते ह्या टूरची खरी किंमत इथेच वसूल झाली. त्याचे वडील एक्स्त्रेमादुराचे, स्पेनच्या दुसऱ्या टोकाचे. अल्तोस ओर्नोस ह्या पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला म्हणून आले. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला, एक भट्टी तेवढी सेस्ताओला स्मारक म्हणून ठेवली आहे. थोरला भाऊ गावाकडेच जन्मलेला, सहाव्या वर्षी इकडे आला. हा इथे जन्मला. लहानपणी दोघे भांडले की हा म्हणायचा, “मी ॲथलेटिकला खेळू शकतो, तू नाही.” भावाला फार लागायचं. खरं तर इथल्या क्लबात खेळला असता तर भावालाही दार उघडं होतं, पण एवढं बारीक कोण सांगणार लहान पोरांना. “आणि एप्रिलमध्ये कप कुणी जिंकून दिला?” एजंटने विचारलं. प्रशिक्षक एर्नेस्तो वाल्वेर्दे. जन्म एक्स्त्रेमादुरात, कासेरेस प्रांतात, तान्हा असताना बास्क प्रदेशात आलेला. खेळाडू म्हणूनही ॲथलेटिककडून खेळलेला. (प्रशिक्षकाला तशी अटच नाही. इंग्रज पेंटलंड होता, अर्जेंटिनाचा बिएल्सा होता.) कपच्या रात्री भावाने फोन केला आणि काही न बोलता नुसता रडला, असं तो म्हणाला. मी गवताकडे बघत राहिलो.

विल्यम्स बंधूंचं तर विचारू नका. आईवडील घानाचे, सहारा तुडवत, मेलिया ह्या आफ्रिकेतल्या स्पॅनिश शहराचं कुंपण ओलांडून आलेले. इन्याकीचा जन्म बिल्बाओत, निकोचा पाम्पलोनात. दोघेही त्या नियमात चपखल बसतात. आता इन्याकी घानाकडून खेळतो, निको स्पेनकडून, आणि क्लबात दोघे एकाच रंगात. एका घरातले दोन सख्खे भाऊ दोन देशांचे, पण परका एकही नाही! बोसमनच्या आधीच्या साहेबांना हा हिशेब कागदावर मांडायला सांगायला हवा होता.

आता घरची गोष्ट काढतो, तिच्याशिवाय हा रिव्ह्यू खोटा होईल. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ खेळतात. माझीही एक तालीम आहे. नाव सांगत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये फुटबॉल सोडून सगळं होईल. पूर्वी पेठेतली पोरं पेठेसाठी खेळायची. गेल्या काही वर्षांत गोव्याचे, ईशान्येकडचे, पार आफ्रिकेतले खेळाडू येऊन गेले. बाहेरचे किती घ्यावेत ह्यावर आमच्या कट्ट्यावर दर हंगामाला रणकंदन होतं. मी इतकी वर्षं ‘एकही नको’ म्हणणाऱ्यांत होतो. बिल्बाओहून आल्यावर मी जास्तच जोरात बोलेन असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. बिल्बाओला बाहेरचे नको म्हणणं परवडतं, कारण लेसामाला पोरं घडवायची सोय पन्नास वर्षांपासून आहे. आमच्या तालमीच्या पोराने बारावीनंतर खेळायचं म्हटलं की घरचे विचारतात, पगार किती. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. बिल्बाओच्या मापाने पुणेकर त्याच्यावर हक्क सांगू शकतील, आणि तसं कुणी सांगितलं तर मी स्वतः भांडायला जाईन. दार लावण्याआधी आत कोण आहे ते मोजावं लागतं, एवढंच मी कट्ट्यावर म्हणालो. तेव्हापासून दोन जण माझ्याशी नीट बोलत नाहीत.

खाण्याचं सांगायचं राहिलं. टूर झाल्यावर पोसा गल्लीतल्या एका बारमध्ये गेलो. काडीला टोचलेले तुकडे, पिंचोस, मांडून ठेवलेले असतात. शाकाहाऱ्यांनी काडीतल्या माशापासून सावध राहावं, अँचोवी सगळीकडे लपलेली असते. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया घ्या. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तळून वर खडं मीठ टाकून देतात, त्या शंभर टक्के शाकाहारी. एजंटने काळजीने विचारलं, तिखट लागतील का? मी अख्खी बशी संपवली आणि पर्समधून लवंगी मिरचीच्या ठेच्याची पुडी काढून त्याला बोटभर दिली. त्यानंतरची पाच मिनिटं सौद्याच्या बोलण्यांपेक्षा आनंदाची गेली.

अर्धा स्टार कापला तो मॅच नसताना आलो म्हणून. चूक माझीच, पण मैदान रिकामं बघून पोट भरत नाही. तुम्ही ऑगस्ट ते मे मध्ये जा. मॅचच्या दिवशी टूरच्या वेळा बदलतात, आधी क्लबच्या साइटवर बघून घ्या. कप मिरवणारी ‘गाबारा’ ही नाव म्युझियममध्ये नाही, ती नदीकाठच्या सागरी संग्रहालयात विचारा. 1983 आणि 84 नंतर ती थेट एप्रिल 2024 मध्ये विजयासाठी पाण्यात उतरली.

दुकानातून एक स्कार्फ घेतला. ऊबदार आहे, धुतल्यावर रंग गेला नाही. पण लाल-पांढरा आमच्या तालमीचा रंग नव्हे, त्यामुळे तो कपाटात आहे. मागच्या हंगामात पुतण्या तो गळ्यात घालून शाहू स्टेडियमला निघाला होता. दारातूनच परत आत पाठवला, म्हटलं, बाहेरच्यांचे रंग घालून मॅचला जायचं नाही.